आठ तुताऱ्या

(आपल्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. छापण्यासाठी थोडं नीटनेटकं केलं आहे. बाकी बोलले तसंच आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'छंद' एवढंच छापलंय आणि पंधरा मिनिटं दिलीत. बागकाम नाहीतर गाणं असेल असं संयोजकांना वाटलं असावं. तसं काही नाही. मी खेळण्यातल्या गाड्या बनवते. घरात मुलगी असंच म्हणते, "आई खेळण्यातली गाडी बनवतेय." पंचेचाळिशीच्या बाईनं हे माइकवर सांगायला धाडस लागतं, म्हणून आधीच सांगून टाकलं.

ही ती गाडी. मागच्या रांगांना दिसणार नाही. चहाच्या वेळी खिडकीजवळच्या टेबलावर ठेवते, सगळ्यांनी बघा. फक्त हात लावू नका. आणि ज्यांनी मुलं आणलीत त्यांनी मुलांचे हात धरून बघा.

ही लोटस ४९. १९६७ सालची फॉर्म्युला वन शर्यतीची गाडी. खरी गाडी चार मीटर लांब होती, ही तिच्या एक बारांश मापाची, म्हणजे फूटभर. ४ जून १९६७ ला हॉलंडमधल्या झांडव्होर्टच्या ट्रॅकवर ही गाडी पहिल्यांदा शर्यतीत उतरली आणि जिम क्लार्कनं त्याच दिवशी ती शर्यत जिंकली. नवी गाडी, नवं इंजिन आणि पहिल्याच दिवशी पहिला नंबर. आपल्या वर्गात असं फक्त एकीचं व्हायचं, आणि ती आज पहिल्या रांगेत बसली आहे.

मला या गाडीचं वेड लागलं ते तिच्या इंजिनामुळं. मी मेकॅनिकलची डिग्री घेतली आणि पुढं सगळ्यांसारखी सॉफ्टवेअरमध्ये गेले, हे तुम्हाला माहीत आहे. कॉलेजच्या लायब्ररीत इंजिनांचं एक जाडजूड पुस्तक होतं. त्यात कॉसवर्थ डीएफव्ही या इंजिनाचं उभं कापून दाखवलेलं चित्र होतं. १९६६ पासून फॉर्म्युला वनमध्ये इंजिनाची मर्यादा दीड लिटरवरून तीन लिटर झाली. लोटसच्या कॉलिन चॅपमनला नवं इंजिन हवं होतं. फोर्डनं एक लाख पौंड दिले आणि कीथ डकवर्थ नावाच्या माणसानं ते आखलं. आठ सिलिंडर, इंग्रजी 'व्ही'च्या आकारात चार-चार, प्रत्येकाला चार व्हॉल्व्ह. या इंजिनानं १९६७ ते १९८३ पर्यंत १५५ ग्राँ प्री जिंकल्या.

पण मला आवडली ती दुसरीच गोष्ट. आपल्या साध्या गाडीत आधी सांगाडा असतो आणि त्यात इंजिन बसवलेलं असतं. या गाडीत ड्रायव्हरच्या पाठीमागं गाडी संपते. तिथून पुढं इंजिन हाच सांगाडा. इंजिनाला मागं गिअरबॉक्स, आणि मागची चाकं त्या दोघांना लटकवलेली. इंजिन काढलं तर पुढची गाडी आणि मागची चाकं यांना जोडणारं काहीच उरत नाही. ही कल्पना त्याआधीही कुणीकुणी वापरली होती, पण इथं इंजिनच मुळापासून त्या कामासाठी आखलं गेलं. इंजिनानं पळवायचंही आणि भारही पेलायचा. घरातल्या काही माणसांसारखं.

आता बनवायला कधी लागले ते सांगते. मी नऊ वर्षं एका सॉफ्टवेअरवर काम करत होते. एका शुक्रवारी दुपारी कंपनीनं ते बंद केलं. कुणाची चूक नव्हती, गिऱ्हाईक कमी झालं होतं. साडेतीनला सर्व्हर बंद झाले आणि चार वाजता आम्ही केक कापला. घरी आल्यावर मुलीनं विचारलं, "तू नऊ वर्षं काय केलंस ते दाखव ना." दाखवायला काहीच नव्हतं. माझी नोकरी राहिली, दुसऱ्या टीममध्ये गेले. पण ते 'दाखव ना' डोक्यातून गेलं नाही. महिनाभरानं मी या गाडीचा किट मागवला.

किट म्हणजे साच्यात ओतलेले प्लॅस्टिकचे भाग. कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. दोन महिन्यांत झाली असती. पण मी इंजिन जोडलं आणि ते मला पटेना. चित्रातल्यासारखं दिसेना. कारण शोधायला फार वेळ लागला नाही. सगळं बारानं गुणून बघायचं. साच्यात प्लॅस्टिक फार पातळ ओतता येत नाही, एक मिलिमीटरच्या आसपास जाडी राहते. एक मिलिमीटर गुणिले बारा, म्हणजे खऱ्या गाडीत बारा मिलिमीटर जाडीचा पत्रा झाला! एवढ्या पत्र्याचा रणगाडा होतो, रेसची गाडी होत नाही. आपल्या डोक्यावरचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर. या गाडीवर तो पडला तर जवळजवळ एक मिलिमीटरची तार दिसेल. डोळा हे बरोबर पकडतो. काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण खोटं आहे हे कळतं.

मग जे भाग पटत नव्हते ते काढून टाकले आणि स्वतः बनवायला घेतले. याला मॉडेलवाले स्क्रॅच बिल्डिंग म्हणतात. कोऱ्या पत्र्यातून, तारेतून, नळीतून भाग तयार करायचा. त्यासाठी लागणारं सामान बघितलंत तर हसाल. स्पार्क प्लगच्या वायरी खऱ्या गाडीत सात-आठ मिलिमीटर जाड, म्हणजे इथं ०.६, सोल्डरिंगची बारीक तार चालली. इंधनाच्या बारीक नळ्यांना जुन्या हेडफोनची वायर सोलून आतली तार घेतली. युनियनच्या ठिकाणी इन्सुलिनच्या सुईचे मिलिमीटरभराचे तुकडे. सुईचं टोक आधी मोडून टाकायचं, नाहीतर रक्त गाडीच्या रंगात मिसळतं, हे अनुभवानं सांगते. पत्र्यावरच्या रिव्हेट म्हणजे फेव्हिकॉलचे थेंब. टाचणीच्या टोकावर घेऊन एकेक टेकवायचा. वाळला की बरोबर रिव्हेटच्या डोक्यासारखा गोल राहतो. एका बाजूला शंभराच्या वर आहेत. ओळ वाकडी झाली की ओल्या फडक्यानं पुसायची आणि पहिल्यापासून सुरू.

आणि चाळिशीचा चष्मा. भिंगाखाली काम करायचं, दर वीस मिनिटांनी मान सरळ करायची. चिमट्यातून उडालेला भाग फरशीवर कधीच सापडत नाही. तो दुसऱ्या दिवशी मोज्याला चिकटलेला निघतो.

एवढं सगळं जमलं. अडलं ते तुताऱ्यांपाशी.

या इंजिनाच्या दोन बाजूंच्या मधल्या खाचेत वर तोंड करून आठ नळ्या असतात. इंजिन त्यातून हवा ओढतं. तोंडाशी त्या तुतारीसारख्या पसरट असतात, इंग्रजीत नावही तेच. आठही झाकण नसलेल्या, चकचकीत ॲल्युमिनियमच्या. कुणीही ही गाडी बघितली की नजर पहिली तिथं जाते. किटमधल्या तुताऱ्यांची कड जाड होती, शेवयाच्या साच्यासारखी. मी प्लॅस्टिकची नळी तापवून पसरवली, ती वाकडी झाली. पितळी नळीचं तोंड पंचनं फुगवलं, ते चिरलं. ॲल्युमिनियमचा गज हँड ड्रिलमध्ये धरून कानशीनं घासला. एक चांगली झाली. दुसरी तिच्यासारखी झाली नाही. आठ एकसारख्या हव्यात, तिथंच सगळी गंमत आहे. एक सुंदर आणि सात बऱ्या असल्या तर त्या एकीमुळं सात वाईट दिसतात.

याला लेथ पाहिजे होता. आणि लेथ म्हटल्यावर मला एकच माणूस आठवला.

तो आपल्याच वर्गातला. त्याचं नाव घ्यायचं नाही अशी अट आहे, पण निम्म्या हॉलला आत्ताच कळलंय आणि उरलेल्या निम्म्याला पुढच्या पाच मिनिटांत कळेल. दहावीनंतर तो आयटीआयला गेला, मी अकरावी सायन्सला. त्यानंतर आमची भेट नाही. बॅचच्या ग्रुपवर नंबर होता. दिवाळीत कोल्हापूरला आले तेव्हा फोन केला आणि उद्यमनगरात त्याच्या शेडवर गेले. दोन सीएनसी मशीन, सहा माणसं, पंपाच्या भागांचं जॉबवर्क. मी सगळं समजावून सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "तुतारी? निवडणुकीला उभी ऱ्हातीस काय?"

मग म्हणाला, "ड्रॉइंग दे."

मी ऐटीत ड्रॉइंग काढलं. कॉम्प्युटरवर रीतसर केलेलं. त्यानं ते उजेडात धरलं आणि विचारलं, "कडेची जाडी ०.१३७? हे कुणी मोजायचं? आणि टॉलरन्स कुठाय? किती वर-खाली चालतंय ते लिही, तेवढंच मला कामाचं." डिग्री माझ्याकडं आहे, प्रथम श्रेणीत. टॉलरन्सवर चाळीस मार्कांचा पेपर दिलाय. आणि स्वतः पहिल्यांदा काहीतरी बनवून घ्यायची वेळ आली तेव्हा तो लिहायचा राहिला. शेडमधल्या स्टुलावर बसून मी पेननं दुरुस्ती केली: कड ०.२, फार तर ०.२५. तोंड साडेपाच मिलिमीटर, त्यात पाच शतांशाचा फरक चालेल.

काम सीएनसीवर करायचं नाही असं त्यानंच ठरवलं. कोपऱ्यात एक जुना लेथ आहे. त्याचे वडील ज्या कारखान्यात टर्नर होते तो बंद पडल्यावर त्यानं तो भंगाराच्या भावात सोडवून आणलेला. सहा मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा गज चकमध्ये धरला. आधी आतून भोक, मग खास घासून घेतलेल्या टूलनं तोंडाचा आतला बाक, मग बाहेरून उतरवत आणायचं आणि शेवटी पार्टिंग टूलनं तोडायचं. ॲल्युमिनियम टूलला चिकटतं म्हणून ब्रशनं रॉकेल लावत राहायचं. पहिली तोडताना चेपली. दुसरी कुठं उडाली ते अजून कळलेलं नाही. तिसरीची कड फाटली. तेव्हा त्यानं क्रम बदलला. आत लाकडी खुंटी बसवायची आणि मग बाहेरून उतरवायचं, म्हणजे पातळ कडेला आतून आधार राहतो. चौथी बरोबर आली. तळहातावर ठेवून त्यानं फुंकर मारली आणि मला दिली. मी काही बोलू शकले नाही.

त्याच संध्याकाळी मी त्याला बाकीचं इंजिनही दाखवलं. कौतुक करून घ्यायचं होतं, खोटं कशाला बोला. त्यानं भिंगातून बघितलं आणि एका ठिकाणी बोट दाखवलं. इंजिन जिथं ड्रायव्हरच्या मागच्या भिंतीला जोडलंय तिथं. खाली दोन बोल्ट आणि वर दोन्ही बाजूंना एकेक पट्टी. पट्ट्या मी मिलिमीटरभर जाड प्लॅस्टिकच्या केल्या होत्या, भक्कम दिसाव्यात म्हणून. तो म्हणाला, "इंजिन ॲल्युमिनियमचं ना? तापलं की वाढणार. खाली बोल्टनं धरलंयस, वर असल्या जाड पट्टीनं आवळलंयस. मग त्यानं वाढायचं कुठं?"

त्यानं डीएफव्हीचं नावही ऐकलेलं नव्हतं. मी घरी येऊन हिशेब केला. तीनशे मिलिमीटरचं अंतर, ऐंशी अंशांनी तापलं, तर ॲल्युमिनियम अर्ध्या मिलिमीटरहून थोडं जास्त वाढतं. मग जुने फोटो पुन्हा बघितले. डकवर्थनं अगदी तेच केलं होतं. खाली पक्के बोल्ट आणि वर सिलिंडर हेडच्या पातळीला पातळ पट्ट्या, ज्या इंजिन वाढलं की थोड्या लवतात. फोटो माझ्याकडं दोन वर्षं होते. मी पट्टी बघितली होती, पण ती पातळ का आहे हा प्रश्न मला पडला नव्हता. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा साधारण ०.१ मिलिमीटरचा असतो. त्यातून नव्या पट्ट्या कापल्या. त्या आता गाडीत आहेत, नीट बघितलंत तर दिसतील.

आता ज्यासाठी मी खरं तर इथं उभी आहे ते सांगते.

आठवी ते दहावी आपल्याकडं टेक्निकल विषय होता. आम्ही तीनच मुली होतो. नववीत फिटिंगचा जॉब होता. लोखंडाचे दोन तुकडे, एकाला 'व्ही' खाच, दुसऱ्याला तसंच टोक, आणि दोन्ही एकमेकांत बसले पाहिजेत, मधून उजेड दिसता कामा नये. मला कानस सरळ चालवता यायची नाही. मधे पोट राहायचं. गुण्या लावला की दोन्ही कडांनी उजेड. जमा करायच्या आदल्या दिवशी मी व्हाइसपाशी रडत उभी होते. तो आला, म्हणाला, "आण हिकडं." आणि दोन तास माझा जॉब घासत बसला. बसवून दाखवला, उजेड दिसत नव्हता.

त्याचा स्वतःचा जॉब अर्धा राहिला.

दुसऱ्या दिवशी सरांनी माझा जॉब वर धरून सगळ्या वर्गाला दाखवला. पंचवीसपैकी बावीस. आणि त्याला विचारलं, कालचे दोन तास काय करत होतास? तो गप्प राहिला. सरांनी माझ्याकडं बघितलं नाही, बघायचं काही कारणच नव्हतं. मला तोंड उघडायला एक वाक्य लागलं असतं. मी ते बोलले नाही. हुशार मुलगी होते ना मी. त्याला वर्गाबाहेर उभं केलं आणि मी बाकावर बसून वहीत आकृती काढत राहिले.

शेडवर चौथी तुतारी हातात घेतल्यावर मला ते सगळं आठवलं. मी त्याला म्हटलं, "नववीतला जॉब आठवतो का रे?" मला वाटलं होतं तो म्हणेल, जाऊ दे, लहान होतो. सिनेमात तसंच म्हणतात. तो मशीन बंद करून म्हणाला, "आठवतो की. राग होता मला. दोन-तीन वर्षं होता. मार्कांचं काय न्हाई गं. पण शाळेनं वडलांना बोलावलं हुतं. त्यांची एक दिवसाची हजेरी बुडली."

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले होते की झालं तर काय झालं, थोडे मार्क गेले त्याचे. एका माणसाचा दिवसाचा पगार गेला होता, आणि तोही त्याच लेथवर काम करणाऱ्या माणसाचा, ज्याच्यावर माझी तुतारी आत्ताच निघाली होती.

मी विचारलं, "मजुरी किती देऊ?" पैसे घेणार नाही हे त्यानं आधीच सांगितलं होतं. तो म्हणाला, "मेळाव्याला येणार हाईस न्हवं? तितं सांग. सरांम्होरं."

तर सर, तुम्ही समोर बसला आहात. तुमच्यावर माझा काही आक्षेप नाही. जे डोळ्यांपुढं होतं त्यावरून तुम्ही ठरवलंत. पण ते बावीस मार्क माझे नव्हते. तो जॉब त्यानं केला होता. त्याचा अर्धा राहिला तो माझा पुरा केल्यामुळं. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. आज सगळ्यांसमोर त्याची माफी मागते. त्याचे वडील आता नाहीत. त्यांची मागायची राहिली, ती राहिलीच.

शेवटचं सांगते आणि थांबते, कारण "भाषण लांबवू नको" ही पण अट होती.

सात तुताऱ्या त्यानं केल्या. आठवीच्या वेळी लेथपासून बाजूला झाला आणि म्हणाला, "ये, आता तू कर." मी म्हटलं, बिघडेल. तो म्हणाला, "बिघडू दे, गज लई हाय." चार बिघडल्या. पाचवी झाली. कड ०.३ ची आहे, म्हणजे त्याच्या टॉलरन्सच्या बाहेर. त्यानं व्हर्निअर लावला, बघितलं आणि म्हणाला, "नापास. पण बसव."

चहाच्या वेळी भिंग घेऊन बघा. ड्रायव्हरच्या जागी बसलात असं समजा, डाव्या हाताची मागून दुसरी. तिची कड थोडी जाड आहे. ती माझी. बाकी सगळ्या त्याच्या.

सर, त्या एकीला पंचवीसपैकी जे काय द्यायचे ते द्या.